नसीमच्या गाडीचा मागचा ॲक्सल

नसीम, आधी ते सांगून टाकते, नाहीतर मी इकडचं तिकडचं लिहीत बसेन आणि नेमकं तेवढंच राहून जाईल. मूर्तिजापूरला त्या रविवारी तुझ्या गाडीची मागची चाकं उलटी फिरली, ती चूक माझी होती. तुझी नव्हती. सगळे तुला हसले. मीही हसले, वर तुला दोन शब्द सुनावले, आणि चूक माझी आहे हे कळल्यावरही गप्प बसले. त्यानंतर सात आठवड्यांनी तू गेलीस. सात आठवड्यांत मला एक फोन करता आला नाही.

आता तू म्हणशील, "काय वं म्याडम, आता सांगून राहिली का हे?" हो, आता सांगून राहिले. तुला मधेमधे बोलायची सवय होती, ती आता चालणार नाही. ऐक.

तुझ्या शबानाचा परवा फोन आला होता. म्हणाली, "मावशी, अम्मीवर काही लिहून द्या ना. घरच्याईले तिच्या त्या गाड्याईचं काईच समजत नाई. मामू तं म्हणते, नसीम म्हातारपणी खेळणे खेळे." मामूंना काय म्हणायचं ते मी इथं लिहीत नाही. पण शबानानं असंही बजावलं की सगळ्यांना समजेल असं लिहा, तुमच्या दोघींच्या भाषेत लिहू नका. म्हणून काही गोष्टी तुला ठाऊक असूनही सांगाव्या लागतील, तेवढं सहन कर.

तर मामू, ही गाडी म्हणजे हातभर लांबीची, रिमोटवर चालणारी, मोठ्या चाकांची गाडी. ती पळत नाही. माणूस चालतो त्याहूनही हळू चालते. तिचं काम एकच, दगडांवर चढणं. एक चाक दगडावर, दुसरं खड्ड्यात, तिसरं हवेत, अशा अवस्थेत जी गाडी न उलटता वर जाईल ती चांगली. आणि ती तशी जावी म्हणून तिच्या पोटाखालचा सगळा संसार माणूस सारखा बदलत बसतो: दोन चाकांना जोडणारा दांडा, म्हणजे ॲक्सल, त्याच्या आतले गिअर, त्याला धरून ठेवणाऱ्या बारीक दांड्या, स्प्रिंगा. चालवणं एक तास आणि खोलणं-जोडणं आठवडाभर, असा हा नाद आहे. नसीम, तो तुला मी लावला. त्याचं पाप-पुण्य माझ्या नावावर.

लावला म्हणजे काय, तू स्वतःच लावून घेतलास. मी अमरावतीला आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवते. ॲक्सलमधले गिअर कसे चालतात हे फळ्यावर काढून वर्गाच्या डोक्यात शिरेना, म्हणून मी एक जुनी गाडी विकत घेतली. महिन्याभरात तिच्या मागच्या ॲक्सलचा कान तुटला. कान म्हणजे जिथं सस्पेन्शनची दांडी स्क्रूनं अडकते तो नखाएवढा तुकडा. मी तेव्हा दाढेच्या कामासाठी दाताच्या डॉक्टरकडे जात होते, आणि तोंड उघडं ठेवून बसण्याचा कंटाळा आला म्हणून त्यांना तो तुकडा दाखवला. ते म्हणाले, एवढं बारीक काम आमच्यासाठी अकोल्याच्या एक बाई करतात, त्यांना विचारा.

तुझी लॅब मला अजून तशीच दिसते. ट्यूबलाइटखाली लांब टेबल, त्यावर प्लास्टरचे पंचवीस-तीस जबडे ओळीनं मांडलेले, प्रत्येकावर डॉक्टरांच्या नावाची चिठ्ठी, आणि मधे तू, डोळ्याला भिंग लावून कुणाची तरी कवळी घासत बसलेली. मी तुकडा पुढे केला. तू भिंगातूनच पाहिलंस.

"कोणाचा हाय हा?"

"दगडावर चढते त्या गाडीचा. ॲक्सलचा कान हाय."

"दगडावर चढते म्हणता अन् कान प्लास्टिकचा? याले पितळात ओततो मी."

(पुणेकरांनी दचकू नये. आम्ही वऱ्हाडातल्या बायका बोलताना ‘ओततो’, ‘येतो’, ‘जातो’च म्हणतो.)

मी कॅलिपर काढून मापं सांगायला लागले तर तू हात वर करून मला थांबवलंस. मेणाचा कान केलास, तो प्लास्टरमध्ये पुरलास, भट्टीत टाकून मेण वितळवून काढलंस आणि त्या पोकळीत पितळ ओतलंस. दातांचे सांगाडे करतेस तसंच सगळं. चार दिवसांनी मी घ्यायला आले. कान बसला तो असा बसला की स्क्रू न लावताही हलेना. मी विचारलं, माप कशाचं घेतलं? तू म्हणालीस, "डोळ्याचं." त्याच क्षणी मला तुझा राग आला आणि त्याच क्षणी तू मला आवडलीस. आपलं पुढचं सगळं त्या दोन गोष्टींवरच चाललं.

महिन्याभरात तू स्वतःची गाडी घेतलीस, मूर्तिजापूरच्या पंकजकडून, त्याची वापरलेली. पंकजचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान, हाताशी सोल्डरिंग गन आणि तोंडात सतत चेष्टा. मूर्तिजापूर आपल्याला दोघींनाही सारखंच पडायचं. तू अकोल्याहून यायचीस, मी अमरावतीजवळच्या बडनेरा स्टेशनहून. शकुंतलेच्या, म्हणजे आमच्याकडच्या जुन्या छोट्या रेल्वेच्या, बंद पडलेल्या लाइनच्या कडेला ती दगडी मोरी, तिच्या उतारावरचे निखळलेले दगड, बाजूला एक कडुनिंब. तिथं वानखडे काका रोज फिरायला यायचे. रेल्वेत आयुष्यभर रूळ तपासण्यात गेलेला माणूस. दोन पन्नाशीच्या बायका, एक सलवार-कमीजमधली आणि एक साडीतली, उकिडव्या बसून खेळण्याच्या गाड्या दगडावर चढवताना पाहून ते पहिल्या दिवशी तासभर लांब उभे राहिले. दुसऱ्या रविवारी जवळ आले. तिसऱ्या रविवारी तुला म्हणाले, "आपा, तुमचं उजवं चाक पोकळीवर हाय, थोडं मांगं घ्या." तेव्हापासून ते आपले पंच झाले आणि त्यांचा निकाल कायम तुझ्या बाजूनं लागायचा.

तुझी काम करायची तऱ्हा मी अजून वर्गात सांगते. दातांच्या कामात तो निळा कागद असतो ना, पेशंटला चावायला देतात, कुठं दात जास्त लागतो तिथं निळा डाग पडतो आणि तेवढंच घासायचं. तू तो कागद गाडीत घुसवलास. चाक आणि बॉडीच्या मधे, दांडी आणि ॲक्सलच्या मधे. गाडी हातानं वेडीवाकडी दाबायची, डाग पाहायचे, तुझ्या त्या बारीक मशीननं डागापुरतं घासायचं, परत कागद. माझ्या पुस्तकात ज्याला सहा मापं आणि एक तक्ता लागतो ते तू कागदाच्या चिटोऱ्यावर करायचीस. मी म्हणायचे, हे शास्त्र नव्हे. तू म्हणायचीस, "कवळी टोचली तं माणूस जेवत नाई म्याडम. मले शास्त्र नोको सांगू, टोचते का नाई ते सांग."

स्प्रिंगांवरून आपण किती भांडलो असू? मी म्हणायचे, गाडी चार चाकांवर ताठ उभी राहिली पाहिजे, पोट जमिनीपासून वर. तू इतक्या मऊ स्प्रिंगा टाकल्यास की तुझी गाडी पाण्यात म्हैस बसते तशी बसली. चाकं मात्र खाली मोकळी लोंबायची, खड्डा आला की आपोआप खड्ड्यात उतरायची आणि तळाला धरायची. मी म्हटलं, पोट घासेल. तू म्हणालीस, "घासू दे ना. घासते तिथं मी खाली पट्टी लावतो. पण चाक सुटलं नाई पायजे." मोरीच्या उतारावर माझी गाडी तिसऱ्या दगडाला उताणी झाली आणि तुझी पोट घासत, कुरकुरत वर जाऊन बसली. मी सरळ सांगितलं की तुझ्या बाजूचा दगड सोपा होता. वानखडे काकांनी दोन्ही गाड्या एकाच दगडावरून न्यायला लावल्या. पुन्हा तेच झालं. मी म्हटलं, आज उजेड डोळ्यावर येतो आहे. पंकज हसून हसून खाली बसला. तू हसली नाहीस. तू माझी गाडी उचलून माझ्या स्प्रिंगा बोटानं दाबून पाहिल्यास आणि म्हणालीस, "म्याडम, हे बी वाईट नाई. पण याले भीती वाटून राहिली." स्प्रिंगेला भीती वाटते हे ऐकून मी तुला वेडी म्हटलं. घरी आल्यावर एका नंबरानं जास्त मऊ स्प्रिंगा टाकल्या, आणि हे तुला कधीच कळू दिलं नाही. आता घे समजून.

पुढच्या ॲक्सलवर पितळेचं वजन किती टाकावं, हा वाद मात्र मी सोडलेला नाही. तू चाकांच्या मुळाशी पितळेचे गोळे बसवत सुटलीस. वजन खाली आलं की गाडी उलटत नाही, हे खरं. पण त्या वजनानं आतला शाफ्ट, म्हणजे चाक फिरवणारी सळई, पिळवटतो आणि एक दिवस तुटतो, हेही खरं आहे. तुझे दोन शाफ्ट तुटले. तिसरा तुटेपर्यंत थांबायला हवं होतंस, मग मी जिंकले असते.

तू बार्शीटाकळीची. तुझे अब्बा बैलगाड्या दुरुस्त करायचे. गाडीचं चाक खोलून ते आसाला वंगण लावायचे तेव्हा तू लहानपणी शेजारी डबा धरून बसायचीस. एकदा तू म्हणालीस की अब्बा चाक हातानं फिरवून डोळे मिटून ऐकायचे, आणि चाक बोलायचं बंद झालं की मगच बसवायचे. तू तेच करायचीस. ॲक्सल कानाशी धरून चाक फिरवायचीस. मी कितीदा चिडवलं तुला, डॉक्टरीणबाई, नाडी लागली का म्हणून. लागायची. कुठलं बेअरिंग खराब आहे ते तू न खोलता सांगायचीस.

आणि माझी आई गेली तेव्हाचं. ते मी कुणाला सांगितलेलं नाही. आठव्या दिवशी तू अमरावतीला आलीस. घर पाहुण्यांनी भरलेलं. तू आत येऊन माझ्या बहिणींना सलाम केलास, चहा घेतलास आणि मला म्हणालीस, "तुह्यी गाडी कुठी हाय?" मी म्हटलं, नसीम, आज नको. तू पिशवीतून दोन जुने ॲक्सल, रॉकेलची बाटली आणि टूथब्रश काढलास. मागच्या अंगणात मला बसवलंस. "रडाचं असन तं रड. पण हात चालू ठेव." दोन तास मी गिअरच्या दातांमधलं काळं ग्रीस घासत रडले. तू समोर बसून दुसरा ॲक्सल घासत होतीस. त्या आठ दिवसांत मला पहिल्यांदा भूक लागली. तू गेलीस तेव्हा माझ्या हातात ब्रश द्यायला कुणी नव्हतं, नसीम.

आता त्या रविवारचं.

मागच्या ॲक्सलचं घर, म्हणजे आतले गिअर ज्यात बसतात ती बाहेरची पेटी, उलटं करायची कल्पना तुझीच. त्याचं जे तोंड असतं, जिथं पुढून येणारा शाफ्ट आत शिरतो, ते खालच्या अंगाला होतं. दगडाला घासायचं. घर उलटं बसवलं की तोंड वरच्या अंगाला येतं आणि शाफ्ट वाचतो. तू त्यासाठी कान नव्यानं ओतलेस, जास्तीचं सगळं घासून काढलंस आणि रिकामं घर एसटीच्या पार्सलनं अमरावतीला पाठवलंस, कारण आपल्यात ठरलेलं होतं: घर आणि कान तुझे, आतले गिअर माझे. बुधवारी तुझा फोन आला. "म्याडम, घर उलटं केलं हाय, तं क्राऊन दुसऱ्या बाजूनं टाकजो." क्राऊन म्हणजे आतला मोठा गिअर. घर उलटं झालं की तो आपोआप दुसऱ्या अंगाला जातो आणि चाकं उलटी फिरवतो, म्हणून तो काढून परत पहिल्या अंगाला आणावा लागतो. हे मी वर्गात शिकवते. मी तुला म्हटलं, "मले नोको शिकवू."

शनिवारी दुपारी मी प्रॅक्टिकलच्या वह्या तपासत होते. मधेच उठून ॲक्सल भरला. घर टेबलावर उलटं होतं की सुलटं, हे पाहिलंसुद्धा नाही. वीस वर्षांची हाताची सवय, हातानं क्राऊन नेहमीच्या जागी ठेवला, ग्रीस भरलं, झाकण लावलं आणि मी परत वह्यांकडे गेले. रविवारी कडुनिंबाखाली आपण तो गाडीला जोडला. तू विचारलंस, "चाक फिरवून पाह्यलं का?" मी म्हटलं, "वीस वर्षं हेच शिकवून राहिलो मी." तू गाडी मोरीच्या पायथ्याशी ठेवलीस.

पुढची चाकं वर चढायला लागली आणि मागची खाली. गाडी जागच्या जागी गुरगुरली, थरथरली, आणि टक करून तुझा नवा कान तुटला. पंकज म्हणाला, "आपा, पुढची गाडी अकोल्याले चालली अन् मांगची बडनेऱ्याले." काकाही हसले, मीही हसले. तू गाडी उचललीस, मागचं चाक बोटानं एकदा फिरवलंस आणि माझ्याकडे पाहिलंस. फक्त पाहिलंस. मला तोवर काहीच उमगलं नव्हतं, देवाशपथ. मला वाटलं, तुझ्या दांड्यांत गडबड आहे. आणि माझं तोंड सुटलं. "मोजल्याबिगर काम केलं का असंच होते. सगळं अंदाजपंचे. कितीदा सांगतलं तुले." पंकजसमोर, काकांसमोर. तू गाडी पिशवीत घातलीस आणि म्हणालीस, "बरं."

परतीच्या पॅसेंजरमध्ये कुरूम स्टेशन गेलं आणि मला बुधवारचा फोन आठवला. कानात तुझा आवाज आला म्हणालीस तरी चालेल. मी खिडकीशी बसले होते. फोन हातात घेतला, तुझं नाव काढलं आणि परत ठेवला. काय सांगणार होते? की आयटीआयची इन्स्ट्रक्टर, दरवर्षी शंभर मुलांना क्राऊनची बाजू शिकवणारी, क्राऊनची बाजू चुकली? मी ठरवलं, पुढच्या रविवारी समोरासमोर सांगू. फोनवर बरं दिसत नाही. माणूस स्वतःला काय काय पटवून देतो.

पुढच्या रविवारी तू आली नाहीस. निरोप आला, तब्येत बरी नाही. मला वाटलं, रुसली. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. मग मलाच राग आला. एवढ्याशा गोष्टीवरून एवढं? चूक माझी आणि रागावले मीच, हे तुला ऐकायला गमतीचं वाटेल. मी म्हटलं, येईल तेव्हा येईल. तुझ्या पोटातलं दुखणं तू शबानालासुद्धा उशिरा सांगितलंस, मग मला कशाला सांगशील. मला दुखणं कळलं ते पंकजच्या फोनवर, आणि त्याच फोनवर तो पुढचंही बोलला. मी अकोल्याला पोचले तेव्हा बायका आतल्या खोलीत बसल्या होत्या. मी त्यांच्यात बसले. तुझ्या टेबलावरचे प्लास्टरचे जबडे तसेच ओळीनं होते, त्यांच्या चिठ्ठ्याही तशाच.

महिन्यानं शबानानं बोलावलं. म्हणाली, लॅब आवरतो आहोत, गाडीचं जे काही आहे ते तुम्ही घेऊन जा. कोपऱ्यात कवळ्या ठेवायच्या एका मोठ्या डब्यात तुझा मागचा ॲक्सल होता. तसाच. मोरीवर माती लागली होती ती मातीसुद्धा तशीच. तुटलेला कान शेजारी, आणि त्याच्या शेजारी नवा ओतलेला कान, घासून, चकचकीत करून ठेवलेला. एवढ्या दुखण्यात तू नवा कान केलास आणि झाकणाचे चार स्क्रू खोलले नाहीस. शबाना म्हणाली, "मी अम्मीले म्हटलं, मी खोलून देतो. तं म्हणे, याले कोणी हात नोका लावू. म्याडम खोलीन."

मी तिथंच तुझ्या स्टुलावर बसून खोलला. क्राऊन चुकीच्या अंगाला, अगदी जसा मी ठेवला होता तसा. मला वाटलं, तू शिक्षा ठेवून गेलीस. तुला म्हणायचं होतं, ये आणि तुझ्या डोळ्यांनी पाहा. मी रडले तेव्हा शबानाला वाटलं मी तुझ्यासाठी रडते आहे. रडत होतेच, पण त्यात लाज फार होती. एवढा राग ठेवून गेलीस, असं मनात म्हणत मी तुझी गाडी पिशवीत घातली आणि ॲक्सल पदरात गुंडाळून अमरावतीला आणला. क्राऊन काढला, योग्य बाजूला बसवला, तुझा नवा कान लावला. या वेळी चाक फिरवून पाहिलं. मोजून दहा वेळा पाहिलं.

या रविवारी मी मूर्तिजापूरला गेले. तुझी गाडी पिशवीतून काढली, पण खाली ठेवली नाही. वानखडे काका तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत कडुनिंबाखाली बसले होते, पंकज त्याच्या गाडीच्या बॅटरीशी खटपट करत होता. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "त्या दिवशी आपाच्या गाडीची चाकं उलटी फिरली ना, ते माह्यं चुकलं होतं. क्राऊन मी उलटा टाकला. तिनं फोन करून सांगतलं होतं तरी. अन् वरून मीच तिले बोललो."

पंकजनं मान वर केली नाही. नेहमी पहिला बोलणारा माणूस, बॅटरीकडेच पाहत राहिला. काकांनी खर्रा घोटायचा थांबवला.

"आमाले माईत हाय, म्याडम."

"कवापासून?"

"त्याच दिवसापासून. तुमची गाडी आंधी सुटली, आपा आमच्यासंग फलाटावर बसून होत्या. मी इचारलं, आपा, तुमचं आज कसं काय चुकलं? तं म्हणे, माह्यं नाई चुकलं, क्राऊन म्याडमनं टाकला. पण तिले कोणी बोलाचं नाई. ती सोताच सांगन."

मग पंकज बोलला, बॅटरीकडे पाहतच. "मी म्हटलं, आपा, घरी जाऊन ॲक्सल खोला, दुरुस्त करा, इषय खतम. तं म्हणे, येडा हाय का तू? मीच दुरुस्त केला तं म्याडमले माह्याकडं याले कारन काय राहीन? पडू दे तसाच. येईन थे. तिले टाइम लागते, पण येते."

आणि मी त्याला शिक्षा समजून महिनाभर उरावर घेऊन हिंडले. तुला ओळखत होते म्हणते मी.

काका म्हणाले, चालवा आता. मी मोरीच्या पायथ्याशी तुझी गाडी ठेवली. चारही चाकं एका बाजूनं फिरली. पोट घासत, कुरकुरत ती तिसऱ्या दगडावरून वर गेली. त्या दोघांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, मला ते बरं वाटलं.

शबाना, हे वाचून मामूंना दाखव. आणि नसीम, तुझं बरोबर होतं, मी सांगितलं. सगळ्यांसमोर सांगितलं, जिथं तुला बोलले होते तिथंच उभं राहून सांगितलं. पण अमरावती ते अकोला दोन-अडीच तासांची वाट आहे, आणि तू सात आठवडे त्या वाटेकडे डोळे लावून होतीस. मी इकडे तुझ्या फोनची वाट पाहत बसले. चूक माझी होती, नसीम. निघायचं मला होतं.